धोंडसावरचा विस्तव

नाटे हे राजापूर तालुक्यातले, जैतापूरच्या खाडीच्या तोंडाजवळचे गाव. एका अंगाला खाडी आणि यशवंतगड, दुसऱ्या अंगाला जांभ्याचा सडा. भाद्रपद सरता सरता इथल्या परसातल्या वेलांवर तवशी पिकतात. तवसे म्हणजे पावसाळी मोठी काकडी. पिवळसर, जाड सालीची, हातभर लांब. काही लगेच खाल्ली जातात, उरलेली दोरीने बांधून आढ्याला टांगून ठेवतात.

एकदा वर्गात आम्ही इंग्रजीचा एक उतारा घेतला होता. सफरचंद, अक्रोड आणि दालचिनी घालून भाजायच्या गोड वड्यांची ती कृती होती. 'ओव्हन 180 अंशांवर तापवून घ्यावा' या वाक्याशी मुले थांबली. ओव्हन म्हणजे काय? आम्ही सांगितले की ही एक अशी पेटी असते, जिच्यात पदार्थाला वरून, खालून, सगळीकडून उष्णता मिळते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आजी धोंडस करते तसं. वर निखारे, खाली निखारे."

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि ते आमच्या आधी लक्षात आले नव्हते याची थोडी लाजही वाटली. तवसाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओले खोबरे, काजूगर आणि वेलदोडा यांचे धोंडस आणि त्या उताऱ्यातल्या सफरचंदाच्या वड्या ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. पाणीदार फळ, धान्य, गोडवा, तेलबी आणि मसाला एकत्र करून भाजायचे आणि वड्या पाडायच्या. फरक आहे तो धान्याचा आणि विस्तवाचा.

मग धोंडस शाळेत करून पाहायचे ठरले. चूल नव्हती, गॅस होता. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण घातले, झाकण ठेवले, आच मंद केली. पाऊण तासाने तळाचा करपल्याचा वास आला. झाकण काढले तर वरचा थर पांढुरका, ओला आणि चिकट. मध्ये सुरी घातली तर लगदा लागून आला. शेजारच्या काकी पाहायला आल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, वरचा विस्तव कुठे?"

या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना उष्णतेचा जवळजवळ सगळा धडा शिकवून झाला.

झाकणाखाली काय होते

पहिली शंका मुलांनीच काढली. गरम हवा वर जाते असे आपण शिकतो. मग खालून तापवलेल्या पातेल्यात वरचा भाग आधी भाजला जायला हवा, तो कच्चा का राहिला?

पातळ आमटीत हे खरे असते. तळाचे गरम पाणी वर येते, वरचे थंड खाली जाते. हे झाले अभिसरण. धोंडसाचे मिश्रण मात्र इतके घट्ट असते की ते जागचे हलत नाही. त्यातून उष्णता फक्त वहनाने, म्हणजे एका कणाकडून शेजारच्या कणाकडे, सरकत जाते, आणि ओल्या पिठातून हे वहन फार सावकाश होते. मिश्रण आणि झाकण यांच्यामधली पोकळी तर वाफेने भरलेली असते. झाकणाची वरची बाजू खोलीतल्या थंड हवेला लागून असल्याने वाफ झाकणाच्या आतल्या अंगावर थिजते, थेंब होतात आणि ते परत धोंडसावर टपटप पडतात. एकीकडे आपण तळ भाजतो आणि दुसरीकडे माथ्यावर पाणी शिंपडत राहतो. सांदण किंवा इडली करताना ही वाफ हवीशी असते. भाजायच्या पदार्थाला ती मारक ठरते.

झाकणावर निखारे ठेवले की चित्र पालटते. झाकण 100 अंश सेल्सिअसच्या बरेच वर तापते, त्यामुळे त्यावर वाफ थिजू शकत नाही. ती काठाच्या फटीतून बाहेर जाते. शिवाय तापलेले झाकण खालच्या मिश्रणावर प्रारणाने उष्णता फेकू लागते. वरचा थर सुकतो आणि मग त्याला रंग चढतो.

अर्धे अंतर, पाव वेळ

वरच्या विस्तवाचा याहून मोठा फायदा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. समजा, मिश्रणाचा थर 5 सेंटिमीटर जाड आहे. उष्णता फक्त खालून मिळाली तर तिला माथ्यापर्यंत 5 सेंटिमीटर चालावे लागते. दोन्हीकडून मिळाली तर दोन्ही वाटा मध्यावर भेटतात, म्हणजे प्रत्येकीला अडीच सेंटिमीटरच चालायचे असते. अंतर निम्मे झाले, म्हणून वेळही निम्मा लागेल असे वाटते. पण वहनाचा हिशेब तसा नाही. लागणारा वेळ साधारणपणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर निम्मे झाले की वेळ पावपट होतो.

हा नियम वर्गात बटाट्यावर पाहता येतो. एकाच बटाट्याचे दोन घन कापा, एक 2 सेंटिमीटरचा आणि दुसरा 4 सेंटिमीटरचा. असे तीन-चार जोड तयार करून सगळे एकदम उकळत्या पाण्यात टाका. दर तीन मिनिटांनी एक जोड काढून मधोमध चिरा. बाहेरून आत सरकणारे शिजलेले कडे आणि मधला कच्चा, पांढरट गाभा वेगवेगळे दिसतात. लहान घन आतपर्यंत शिजतो तेव्हा मोठ्याचा गाभा अजून कच्चाच असतो, आणि मोठ्याला दुप्पट नव्हे तर चौपटीच्या आसपास वेळ लागतो. आकडा अगदी नेमका येत नाही, कारण बटाटा बटाट्यात फरक असतो. पण दुप्पट आणि चौपट यांची गल्लत होण्याइतका तो ढिलाही नसतो.

आमचे पहिले धोंडस बिघडले ते यामुळे. मध्यापर्यंत उष्णता पोचायला जो वेळ लागला, तेवढ्या वेळात तळाचा कोळसा झाला. केकच्या किंवा सफरचंदाच्या वड्यांच्या कृतीत थर पातळ ठेवायला सांगतात, त्याचेही कारण हेच.

तळ करपतो, पोट करपत नाही

एकाच पातेल्यात तळ काळा आणि मध्य कच्चा, हे कसे? याचे उत्तर पाण्यात आहे. तवशात वजनाने सुमारे 95 टक्के पाणी असते (सफरचंदात सुमारे 86 टक्के). जोवर एखाद्या थरात पाणी शिल्लक आहे, तोवर त्या थराचे तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून 100 अंशांपर्यंत न्यायला 70 कॅलरी पुरतात. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी 540 कॅलरी लागतात. हाच तो अप्रकट उष्मा. भाजण्यापूर्वी आणि भाजल्यानंतर पातेले तराजूवर ठेवा. वजन 100 ग्रॅमनी कमी झाले असेल तर 54,000 कॅलरी नुसत्या वाफेपायी गेल्या असा हिशेब मुलांना स्वतः मांडता येतो.

तळाचा थर सुकला की त्याचे तापमान भराभर चढते. 140 अंशांच्या पुढे गुळातल्या काही शर्करा आणि तांदूळ, खोबरे, काजू यांतल्या प्रथिनांची अमिनो आम्ले यांच्यात अभिक्रिया जोरात सुरू होतात. भाजल्याचा खमंग वास आणि तांबूस रंग त्यांतूनच येतो. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये या अभिक्रियांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. साखर म्हणजे शुद्ध सुक्रोज, ते या अभिक्रियेत सरळ भाग घेत नाही. गुळात मात्र सुक्रोजबरोबर थोडे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असते आणि ती दोन्ही भाग घेतात. गुळाचे धोंडस साखरेच्या धोंडसापेक्षा लवकर रंगते ते गुळाच्या मूळच्या रंगामुळे आणि शिवाय या कारणामुळे. अर्थात तापमान आणखी चढले की खमंगपणा संपून कडवटपणा येतो. खरवड आणि करपणे यांत अंतर थोडेच असते.

राखेचे काम

लालबुंद निखाऱ्याचे तापमान 700 अंशांच्या घरात असते. तसाच निखारा झाकणावर ठेवला तर माथा जळेल. जाणत्या बायका निखाऱ्यांवर राख पसरतात. राखेमुळे हवा कमी मिळते, निखारा सावकाश आणि बराच वेळ जळतो. राख उष्णतेची दुर्वाहकही आहे, त्यामुळे वरच्या बाजूने उष्णता वाया जाणे कमी होते. हाताच्या अंदाजाने केलेले हे नियंत्रण किती नाजूक असते ते पाहा. प्रारणाने मिळणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. झाकण 200 अंश सेल्सिअसवरून 250 वर गेले, म्हणजे 473 केल्विनवरून 523 केल्विनवर, की प्रारण जवळजवळ दीडपट होते. चार निखारे जास्त झाले की माथा काळा होतो, असे काकी म्हणतात ते उगीच नव्हे.

गोव्यात बेबिंका करताना याच तत्त्वाचा वेगळा उपयोग करतात. तिथे विस्तव मुख्यतः वरूनच देतात. एक पातळ थर ओतायचा, वरच्या निखाऱ्यांनी तो भाजायचा, मग त्यावर दुसरा. प्रत्येक थर नवा माथा होतो म्हणून प्रत्येकाला रंग चढतो. आपल्याकडे धोंडसाला एकच थर असतो, म्हणून दोन्हीकडून विस्तव.

चुलीशिवाय

आता चूल मागे पडली आहे आणि त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसे किती बिघडली हे गावागावात ठाऊक आहे. पण चूल गेली तसा झाकणावरचा विस्तवही गेला, आणि 'गॅसवर धोंडस होत नाही' असा समज पसरत चालला आहे. भाद्रपदात तवशी असतात, घरात काजूगर असतात, आणि वाढदिवसाला तालुक्याच्या गावाहून केक येतो. ज्यांना निखाऱ्यांचा अंदाज आहे त्या आज्या वयस्क झाल्या आहेत. आम्हाला धूर नको होता, वरची उष्णता हवी होती.

आम्ही एक जाड लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर तापवून झाकणाऐवजी पातेल्यावर ठेवला. या तव्याकडून किती अपेक्षा करावी? समजा, तवा दीड किलोचा आहे आणि तो 250 अंशांवरून 150 अंशांपर्यंत निवला. लोखंडाचा विशिष्ट उष्मा 0.11 धरला तर 1500 × 0.11 × 100 म्हणजे 16,500 कॅलरी मिळाल्या. ही सगळी उष्णता खाली गेली असे मानले तरी तिने जेमतेम 30 ग्रॅम पाण्याची वाफ होईल, आणि प्रत्यक्षात बरीचशी वरच्या हवेतच जाते. उलट 100 ग्रॅम कोळसा जळला तर सुमारे सात लाख कॅलरी उष्णता मोकळी होते. तिच्यातली बहुतेक वाया गेली तरी उरलेली पुरून उरते. तव्याजवळ असते ती फक्त साठवलेली उष्णता. निखारा जळत असतो, म्हणून तो उष्णता निर्माण करत राहतो. तेव्हा एका तव्याने भागत नाही. दोन तवे घेऊन आलटून पालटून तापवावे लागतात आणि दर आठ-दहा मिनिटांनी बदलावे लागतात. तव्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चुरचुरून न आटता गोळीसारखा पळू लागला की तवा पुरेसा तापला असे समजावे. ही उचलठेव मोठ्या माणसानेच, चांगल्या सांडशीने करावी. वाफ जाण्यासाठी पातेल्याच्या काठावर पोलादी चमचा आडवा ठेवून किंचित फट राखावी. खाली, पातेले आणि ज्योत यांच्यामध्येही एक सपाट तवा ठेवला की ज्योत एकाच जागी लागत नाही.

तांदूळ, गहू आणि सोडा

सफरचंदाच्या वड्यांत गव्हाचे पीठ असते. गव्हातली प्रथिने पाण्यात भिजून ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार करतात. सोड्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड या जाळ्यात अडकतो आणि वडी हलकी होते. सफरचंदात मॅलिक आम्ल असते, त्यामुळे सोड्याला जोडीदारही मिळतो.

तांदळात ग्लुटेन नाही. धोंडस उभे राहते ते स्टार्चच्या जोरावर. साधारण 60 ते 78 अंशांच्या दरम्यान, तांदळाच्या जातीप्रमाणे, स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि सगळे मिश्रण घट्ट धरते. यासाठी बाहेरचे पाणी फारसे लागत नाही, तवशाचेच पुरते. किसावर गूळ आणि चिमूटभर मीठ घातले की पेशींतले पाणी परासरणाने बाहेर येते आणि पाच-दहा मिनिटांत भांड्यात रस साठतो. मुलांना हे दाखवायला विसरू नये. परासरणाचे इतके सोपे उदाहरण पुस्तकात सापडत नाही.

हलके व्हावे म्हणून धोंडसात सोडा घालणारे आहेत. आम्हीही घालून पाहिला. थोडा फुगवटा येतो खरा, पण वायू धरून ठेवणारे जाळे नसल्याने बराचसा निसटतो, आणि प्रमाण चुकले तर साबणासारखी चव राहते. कुणी मिश्रणात चिमूटभर हळद घालते, तिथे सोडा पडला तर लालसर छटाही येते (हळदीच्या कागदाचा प्रयोग आठवा). धोंडस मुळात दाट, ओलसर असायचे. त्याला स्पंज केक करण्याचा खटाटोप आम्हाला पटत नाही.

रवा आधी तुपात परतून घेतात. प्रत्येक कणाभोवती तुपाचा पातळ लेप बसतो, त्यामुळे तो पाणी सावकाश घेतो आणि गुठळ्या होत नाहीत. काजूही तुपात परततात. त्यांत वजनाने निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. ते मिश्रणात मिसळले तर ओल शोषून मऊ पडतात, माथ्यावर पेरले तर वरच्या उष्णतेने कुरकुरीत राहतात. आम्ही निम्मे निम्मे करतो.

एक इशारा. काजूगर सोललेलेच आणावेत. टरफलासकट काजू शाळेत भाजू नयेत. टरफलात कार्डोल आणि ॲनाकार्डिक आम्ल असलेला चीक असतो, त्याने कातडीवर फोड येतात आणि भाजताना निघणारा धूरही अपायकारक असतो. आंबा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, हे इथे सांगण्यासारखे आहे. काजू आपला वाटतो, पण तो मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर आला.

दुसरा इशारा तवशाचा. देठाकडचा तुकडा आधी चाखावा. कडू लागला तर सबंध तवसे टाकून द्यावे. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांचा असतो. ती उष्णतेने नाहीशी होत नाहीत आणि पोटाला बाधतात. गुळाने कडूपणा झाकायचा प्रयत्न करू नये.

वेलदोडा शेवटी घालतात, तेही तूप सुटलेल्या मिश्रणात. त्याच्या सुगंधी तेलातला एक मुख्य घटक सिनिओल. तो एकटा 176 अंशांना उकळतो, पण पाण्याच्या वाफेबरोबर 100 अंशांच्या आतच निघून जातो. निलगिरीचे तेल वाफेवर काढतात ते याच गुणामुळे. धोंडस होत असताना घरभर जो वास दरवळतो तो धोंडसातून निसटलेला वेलदोडा असतो. तेल तुपात विरघळले तर निसटणे जरा कमी होते.

प्रमाण आणि वेळ

दोन वाट्या तांदळाचा रवा, तीन वाट्या तवशाचा कीस रसासकट, दीड वाटी चिरलेला गूळ, एक वाटी ओले खोबरे, अर्धी वाटी काजूगर, पाव वाटी तूप, चिमूटभर मीठ, सहा-सात वेलदोडे. बिया आणि मधला बुळबुळीत भाग आधी काढावा. कीस, गूळ आणि मीठ गरम करून गूळ विरघळू द्यावा, परतलेला रवा आणि खोबरे घालून ढवळावे, एक वाफ आणावी. मग वेलदोड्याची पूड आणि निम्मे काजू मिसळावेत. तूप लावलेल्या पातेल्यात हळदीचे पान अंथरून त्यावर मिश्रण तीन सेंटिमीटर जाडीने थापावे आणि उरलेले काजू वर पेरावेत. खाली मंद आच, वर तापलेला तवा. तव्याच्या चौथ्या बदलानंतर मध्ये सुरी खुपसून पाहावी.

मध्याचे तापमान मोजायचे असेल तर स्वयंपाकाचा पोलादी टोकाचा तापमापक वापरावा. प्रयोगशाळेतला पाऱ्याचा तापमापक अन्नात मुळीच घालू नये. काच फुटली तर पारा पोटात आणि हवेत जाईल. मध्याचा आकडा 90 च्या पुढे गेला की स्टार्चचे काम झालेले असते. नंतरची दहा-पंधरा मिनिटे केवळ रंगासाठी.

वड्या गरम असताना पाडू नयेत, सुरीला चिकटतात. पातेले निवताना फुगलेल्या स्टार्चचे लांब रेणू पुन्हा एकमेकांजवळ येतात आणि थर घट्ट होतो, म्हणून चार-पाच तास थांबावे. आमच्या वर्गात एवढा धीर कुणाला निघाला नाही. दुसऱ्या खेपेचे धोंडस, माथ्यावर तांबूस आणि तळाला जेमतेम खरवड धरलेले, मधल्या सुट्टीतच चमच्याने खाऊन संपले. काकींनी तळाची खरवड मागून घेतली.